आक्का, तुझी अर्धी राहिलेली काच

आक्का, हे तुला दाखवलं असतं तर तू ते आधी वाचलंच नसतंस. कागद स्टुडिओच्या टेबलावर ठेवून त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला असतास आणि विचारलं असतंस, "वसंता, एवढं झाकलं तर काय बिघडलं?" सगळा मुद्दा तिथंच आहे, असं मी चिडून म्हणालो असतो. मग तू हात वर सरकवला असतास. "बरं, मग वरचं झाकते. आता?"

तुझ्या त्या तळहाताखाली माझी किती वाक्यं मेली त्याला गणती नाही. शोकसभेसाठी तुझ्यावर एक पत्रक लिहून दे, असं मंडळींनी मला सांगितलं होतं. पत्रकं लिहिणं हे तर माझं काम. जन्म, शिक्षण, स्वभाव, समाजकार्याची आवड, असं सगळं मांडायला घेतलं आणि फाडून टाकलं. ते भोरात कुणाला माहीत नाही? शोकसभा माझ्या पत्रकाशिवाय पार पडली. लोक नाराज झाले. होऊ देत. मला तुझ्याविषयी बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

सुरुवात तुला आठवत असेल. संस्थानच्या शाळेतला जुना जादूचा कंदील कचेरीत धूळ खात पडला होता, तो मी अर्ज-विनंत्या करून मागून आणला. पितळी धुराडं, आत घासलेटचा दिवा, पुढं भिंग. मधल्या फटीत रंगवलेली काच सरकवली की समोर ताणलेल्या धोतरावर ते चित्र बैलगाडीएवढं दिसायचं. वेल्ह्याच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये तेव्हा नारू माजला होता. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा हळूहळू बाहेर यायचा. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेलं. तसलं पाऊल पायविहिरीच्या पाण्यात बुडलं की रोग पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षानं गाठतो. उपाय साधा होता. विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या, वरून रहाटानं पाणी ओढायचं, फडक्यानं गाळून प्यायचं. एवढं लोकांना समजलं की झालं, असं मला वाटत होतं.

चित्रं काढायला भोरात तुझ्याशिवाय होतं कोण? स्टुडिओत तुझ्या काकांनी फोटो काढायचे आणि तू ते रंगवायचे. मी मजकूर घेऊन आलो. 'बंधूंनो, नारू हा दैवी कोप नव्हे! अज्ञानाच्या शृंखला तोडा!' अशी सुरुवात आणि पुढं भरगच्च परिच्छेद. तू एका शब्दानं वाद घातला नाहीस. सगळा मजकूर बारीक कुंचल्यानं काचेवर उतरवलास, मला स्टुडिओच्या काळोख्या खोलीत नेलंस आणि दिवा लावून काच सरकवलीस. भिंतीवर एक राखाडी डाग पडला. मला माझंच वाक्य वाचता येईना.

"तुझी अक्षरं उजेड खातात, वसंता," तू म्हणालीस. "काचेवर जिथं काहीच नसतं ना, तिथंच भिंतीवर सगळ्यात जास्त उजेड पडतो. तू तो सगळा शाईनं भरलास."

"म्हणजे लोकांना नुसता उजेड बघायला बोलवायचं का?"

"बोलवू या की. फुकट आहे."

मला राग आला होता. तुला तो कळला नाही असं नाही, पण त्याचं कारण मी तुला कधी नीट सांगितलं नाही. संस्थानी राजवटीत माझे वडील भाजीच्या पाटीत मेथीखाली पत्रकं लपवून आणायचे. मी वाचायला शिकलो ते त्यांवर. शाळेतल्या पुस्तकातलं कमळ मला नंतर भेटलं. आधी भेटले ते अन्याय, धिक्कार आणि जागृती. चार ओळींच्या कागदासाठी माणसं कोठडीत जाताना मी पाहिली होती. ते शब्द उजेड खातात असं कुणी म्हटलं की मला ते त्या माणसांना म्हटल्यासारखं वाटायचं. हे सांगितलं असतं तर तू थट्टा केली नसतीस. मी ते न सांगता भाषण केलं.

"ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?" तू मध्येच विचारलंस.

"त्यांनी शिकावं."

"नारू तोवर थांबणार आहे का?"

मी आवाज चढवला तशी तू आतल्या दाराकडे तोंड करून ओरडलीस, "काका, जाहीरनामे आलेत! चहाचं सांगा, हे लांबणार आहे."

मग तू तुझ्या पद्धतीच्या काचा केल्यास. एकही अक्षर नाही. काचेलाही पैसे पडतात म्हणून काकांच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह गरम सोड्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून तू त्या स्वच्छ करायचीस. कधीकाळच्या वरातींचे आणि मुंजींचे चेहरे पाण्यात सुटून जायचे. विहिरीची काच उजेडात धरून म्हणाली होतीस, "ह्या विहिरीच्या जागी एका मामलेदाराचं लग्न होतं. बाई कशी होती कुणास ठाऊक, शालू मात्र भारी होता."

मार्गासनीच्या वरच्या वाडीत आपण पहिला खेळ केला. शेती आणि मेंढरं असणारी ती दहाबारा घरं. दिवेलागणीनंतर माणसं जमली. धोतर दोन खांबांना बांधलं, तू कंदिलामागं बसलीस आणि मला तंबी दिलीस, "तू बोलायचं नाहीस. चित्रं बोलतील."

चित्रं बोलली, पण भलतंच. पाणी प्यायल्यावर वर्ष जातं, मग किडा निघतो, हे दाखवायला तू एकच घर तीन काचांवर काढलं होतंस: उन्हाळ्यातलं, पावसातलं, थंडीतलं. लोकांनी ती तीन गावं केली.

"ह्या गावात पाऊस लई दिसतोय."

"आन् ह्ये दुसरं. हितं कायबी पिकलेलं न्हाई."

मला अंधारात हसू आवरेना. तू माझ्या पाठीत कुंचल्याचा दांडा टोचलास. पण खरी गंमत पुढच्या काचेला झाली. ती पायविहीर. वाईट विहीर, बुजवायची विहीर. उन्हात चमकणाऱ्या पायऱ्या, हिरवंगार पाणी, आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई पाऊल पाण्यात बुडवून वाकलेली. पायावर फोड होता, पण तो बघायला कुणाला सवड? बाया पुढं सरकल्या. हौसाबाई सगळ्यात पुढं. उन्हात रापलेली, मेंढरांमागं आयुष्य गेलेली, वाडीतल्या बायकांची पुढारी. तिची सून त्याच वेळी नारूनं अंथरुणाला खिळलेली होती.

"कुठल्या गावची हो ही हीर?" हौसाबाईनं विचारलं. "पानी बगा कसं निवळ हाय! बाई, आमाला बी आशी बांधून द्या की."

"पुन्यांदा दावा ती," मागून कुणीतरी म्हणालं.

आणि चांगली विहीर? तिला करडा कठडा, वर रहाट आणि दोर ओढणारी एकटी बाई. तिच्याकडे बघून एक पोरगी हळहळली, "हिला बिचारीला कोनच न्हाई वाटतं."

तेव्हा मी तुझी तंबी मोडली. उठलो आणि एवढंच म्हणालो, "गेल्या जत्रेला जे पाणी प्यालात, ते ह्या जत्रेला पायातून निघतं." हौसाबाई मनाशी काहीतरी जुळवत होती. मग सावकाश म्हणाली, "गेल्या जत्रंला पाव्हनं आल्तं. सून दिसभर हिरीवर व्हती." तिला कळलं, आक्का. एका वाक्यात कळलं. नंतर तूही कबूल केलंस की हे काचेवर मावलं नसतं. माझ्या सगळ्या लिखाणातलं तुझ्या तळहाताला पुरून उरलेलं तेवढं एकच वाक्य.

पण पुढं हौसाबाईनं विचारलं, "मंग हीर बुजवा म्हनता?"

"विहीर नाही. पायऱ्या."

ती उठली. पदर झटकला आणि चालू लागली. तिच्यामागं सगळ्या बाया गेल्या. पुरुषांनी काही वेळ विड्या ओढल्या आणि तेही गेले. धोतरावर ती एकटी बाई दोर ओढत राहिली.

नसरापूरला गाडी बदलायला आपण थांबलो तेव्हा तुला हसू फुटलं. "फोटो रंगवायची सवय रे! मेलेल्या माणसाच्या फोटोलाही मी गालावर लाली देते. विहिरीला दिल्याशिवाय कशी राहीन?"

मला हसायचं नव्हतं. "त्यांना समजलं होतं. समजूनसुद्धा उठून गेल्या. ह्याला अडाणीपणा म्हणतात."

"समजलं म्हणूनच उठून गेल्या," तू म्हणालीस.

"कवटी काढ त्या विहिरीवर. राक्षस काढ. घाण वाटली पाहिजे."

"त्यांचीच विहीर आहे ती. रोज तिथं जातात. तिला भूत करून मी त्यांना दाखवू?"

"मग काय करायचं?"

"मला माहीत नाही. ती पोरगी काय म्हणाली ते तू ऐकलंस का?"

मी ऐकलं होतं, पण ते ऐकण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या खेपेला आपण दिवसा गेलो. तू विहिरीवर उतरलीस, बायांमध्ये कोरड्या पायरीवर बसलीस. मी वर बांधावर उभा. पुरुषमाणसानं तिथं उतरायचं नसतं हे खरं, पण मला उतरायचंही नव्हतं; मी मनात पुढच्या पत्रकाची जुळवाजुळव करत होतो. खालून हसणं ऐकू यायचं. मध्येच कुणीतरी रडत होतं. मग पुन्हा हसणं. ऊन कलल्यावर तू वर आलीस. वाटेत मी दोनदा विचारल्यावर हौसाबाईचं बोलणं तिच्याच आवाजात म्हणून दाखवलंस: "घरात सासू, रानात मालक, माळावर मेंढरं. बसून दोन शब्द बोलायला ही एवडीच जागा हाय बाई. माज्या सुनंचा पाय सडला, मला कळना व्हय? पर ही जागा बी बुजवली तर बोलायचं कुठं?"

मग तू ती नवी काच रंगवायला घेतलीस आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. ह्या चित्रात तुला विहिरीला कठडा हवा होता, रहाट हवा होता आणि कठड्याला लागून एक रुंद, सावलीतला कट्टा हवा होता. कट्ट्यावर बसलेल्या बाया.

मी म्हणालो, "आपण रोगावर बोलतोय, गप्पांच्या जागेवर नाही."

"त्या गप्पांच्या जागेवर बोलतायत."

"म्हणून आपण शरण जायचं? उद्या म्हणतील, कट्ट्यावर पत्रे घाला. नारूपेक्षा गप्पा मोठ्या का?"

"एका काचेत एकच गोष्ट, हे आता तुलाही पटलंय ना? मग ती गोष्ट कुठली, ते आधी ठरव."

"गोष्ट ठरलेली आहे. पायऱ्या बुजवा."

"ही तुझी गोष्ट झाली. त्यांची नाही."

मी म्हणालो, हे तत्त्व सोडणं आहे. तू म्हणालीस, तुझं तत्त्व उभंच आहे, त्याला जरा बसायला जागा दे. आत काका हसले. त्या हसण्यानं माझा तोल गेला. उद्या ह्याचं लेखी उत्तर आणतो, असं म्हणून मी दुकानाची पायरी उतरलो. "लेखी?" तू मागून ओरडलीस. "मग माझा हात धुऊन ठेवते!"

तुझं शेवटचं बोलणं ते. तळहाताबद्दलचं.

उत्तर लिहायला मी बसलो तो बसलोच. मुद्दे, उपमुद्दे, उदाहरणं. मधेच कुणीतरी म्हणालं, इंदूआक्काला ताप आहे. मी ठरवलं, तापातल्या माणसाशी वाद घालू नये. बरी झाली की जाऊ. एवढं सौजन्य मी जन्मात कुणाला दाखवलं नव्हतं, ते नेमकं तुला दाखवलं. दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. निदान येऊन भांडलो असतो. निदान हे सांगितलं असतं की उत्तर लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं होतं, की तू जे म्हणालीच नव्हतीस तेच मी पानं भरभरून खोडत होतो. लेखणी थांबायची, तेव्हा त्या बांधावर खालून ऐकलेलं हसणं मला आठवायचं. तरी मी पुढं लिहीत राहिलो. सवय. तू गालांना लाली देतेस, मी मुद्दे देतो.

मग उत्तराची गरजच उरली नाही.

तेराव्यानंतर काकांनी मला बोलावलं. काचांची पेटी पुढं ठेवली. "तुझं सामान आहे, घेऊन जा," म्हणाले. सगळ्यात वर ती काच होती. कठडा पुरा झाला होता, रहाट पुरा, झाडाची सावली पुरी. कट्टासुद्धा होता. फक्त त्यावर बाया नव्हत्या. तिथं तू हातच लावला नव्हतास, काच कोरी होती.

"ही अर्धी आहे," काका म्हणाले. "नेऊन काय करणार?" नंतर दुसरीकडे बघत म्हणाले, "चेहरे ती नेहमी शेवटी करायची."

घरी आल्यावर मी शाई काढली. खोटं कशाला बोलू? त्या कोऱ्या जागेत माझ्या चार ओळी नेमक्या बसल्या असत्या. टाक बुडवलासुद्धा. पण तुझ्या रंगांशेजारी माझं अक्षर फार वेडंवाकडं दिसेल अशी लाज वाटली आणि मी टाक ठेवून दिला. त्यात शहाणपण काही नव्हतं. ओळी पाठ केल्या आणि ठरवलं, तोंडानं सांगू.

वाडीत पोचलो तेव्हा हौसाबाईनं माझ्या मागं वाटेकडे बघितलं. "बाई न्हाई आल्या?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो.

बाया आल्या, पण लांब, उठून जायच्या बेतानं बसल्या. मी काचा सरकवल्या. फोडाची, गाळण्याच्या फडक्याची. जत्रेचं वाक्य म्हटलं. हिरवी विहीर ह्या खेपेला पेटीतच ठेवली. शेवटी ती काच लावली.

आक्का, तू सांगितलेलं मी विसरलो होतो. जिथं काही नसतं तिथंच सगळ्यात जास्त उजेड पडतो. धोतरावर कठडा आला, रहाट आला, सावली आली, आणि कट्ट्यावर एक लख्ख पांढरी जागा. बाकीचं चित्र मंद आणि ती तेवढी झगझगीत. पुढच्या रांगेतल्या बायांच्या तोंडावर तिचा उजेड पडला. चित्र अपुरं आहे, त्याबद्दल माफी मागावी, कारण सांगावं आणि पाठ केलेल्या ओळी म्हणाव्यात म्हणून मी तोंड उघडलं.

हौसाबाई माझ्याआधी बोलली. "बाईनं जागा सोडलीया."

"कुनासाठी गं?" एका म्हाताऱ्यानं डिवचलं.

"कुनासाठी म्हंजी? आमी काय उभ्यानं बोलायचं व्हय जल्मभर?"

बाया हसल्या. एकजण म्हणाली, सावलीच्या कडेला मी बसनार. दुसरी म्हणाली, तू कशाला, तुजं माहेर सावलीतलं व्हय? लांब बसलेल्या जवळ आल्या. आपसात जागा वाटून घ्यायला लागल्या. जी पोरगी त्या एकट्या बाईसाठी हळहळली होती, ती उठून धोतरापाशी गेली आणि त्या पांढऱ्या जागेत उभी राहिली. तिच्या अंगावर रहाटाची सावली पडली.

म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी कट्टा बांधला तर पायऱ्या बुजवू देशीला?"

हौसाबाईनं माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. "आदी कट्टा. मंग पायऱ्या. कट्ट्याचा शेवटचा धोंडा बसल्याबिगर पायरीला हात लावायचा न्हाई. आन् तवर पानी आमी गाळून पिऊ."

पाठ केलेल्या ओळी तशाच राहिल्या. मग हौसाबाई कंदिलापाशी आली आणि म्हणाली, "आता सांगा. बाई कुठं हाईत?"

मी सांगितलं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला दोन शब्द जुळवता आले नाहीत, कसंबसं सांगितलं. ती खाली बसली. बराच वेळ धोतराकडे बघत राहिली. कंदील तापला होता, काच काढायला हवी होती, पण ती बघत होती तोवर मला काढवेना. उठताना म्हणाली, "त्या कट्ट्यावर आता कुनाला काडू नगा. तशीच ऱ्हाऊ द्या."

आज वाडीवर धोंडे पडायला लागलेत. पुरुष आणून टाकतात आणि बाया ते कुठं टाकायचे ते सांगतात. पायऱ्या अजून तशाच आहेत, एकही बुजलेली नाही. हौसाबाईची सून काठी धरून दारापर्यंत येते. कट्टा होईल की नाही, पायऱ्या बुजतील की नाही, मी आता छातीठोक सांगत नाही. पूर्वी मी सगळंच छातीठोक सांगायचो.

एक मात्र अजून म्हणतो. जत्रेचं वाक्य लागलंच असतं, आक्का. शब्दांशिवाय भागत नाही. तू हे मान्य केलं होतंस. पण किती शब्दांनी भागतं, हे आपलं ठरायचं राहिलं.

माझं ते लेखी उत्तर अजून इथंच पडलं आहे. काल रात्री पहिलं पान काढलं आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर माझा तळहात ठेवून पाहिला. काही बिघडलं नाही. वर सरकवून वरचा अर्धा झाकला. तरी काही बिघडलं नाही. पण तळहात माझा होता, आक्का. त्याच्यावर माझा विश्वास नाही.